कच्चं तेल तेवढंच, मग पेट्रोल जास्त महाग कसं? रिफायनरीच्या मार्जिनचं गणित आणि त्यामागचं राजकारण

तारीख १४ जून २०२२. अमेरिकेत पेट्रोलचा देशभरातला सरासरी भाव गॅलनला ५ डॉलरच्या वर होता. तिथल्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा आकडा.

न्यू जर्सी, टेक्सास नाहीतर बे एरियात कुणी नातेवाईक असतील, तर त्या आठवड्यात पंपाच्या बोर्डाचा फोटो फॅमिली ग्रुपवर नक्की येऊन पडला असेल. रुपयात हिशोब केला तर तो भाव लिटरला साधारण १०३ रुपये होत होता. त्याच वेळी मुंबईत लिटरला १११ रुपये ३५ पैसे मोजावे लागत होते. त्यामुळे इकडून सहानुभूती किती मिळाली असेल, हा भाग वेगळा.

पण अमेरिकेत मात्र राजकारण तापलं. नोव्हेंबरमध्ये संसदेच्या निवडणुका होत्या आणि पंपावरचा बोर्ड रोज सरकारच्या विरोधात प्रचार करत होता. दुसऱ्याच दिवशी, म्हणजे १५ जूनला, राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांनी एक्सॉनमोबिल, शेव्हरॉन, व्हलेरो, मॅरेथॉन, फिलिप्स ६६, बीपी आणि शेल या सात कंपन्यांना पत्रं पाठवली.

पत्रातला मुद्दा अगदी साधा होता. मार्च महिन्यात कच्चं तेल १२० डॉलर बॅरल होतं, तेव्हा पंपावर पेट्रोल सव्वाचार डॉलरला मिळत होतं. जूनमध्येही कच्चं तेल १२० डॉलरच्या आसपासच आहे, पण पेट्रोल ७५ सेंटने महाग झालंय. मग हे ७५ सेंट गेले कुठे?

प्रश्न बायडेन यांचा असला तरी तो कुठल्याही देशातल्या गाडीवाल्याला पडतो. कच्चं तेल वाढलं की पेट्रोल वाढतं हे सगळ्यांना माहीत असतं. पण कच्चं तेल आणि पेट्रोल यांच्या मधे एक कारखाना उभा असतो, त्याच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. त्या कारखान्याचं नाव रिफायनरी.

गहू स्वस्त, पण गिरणी एकच

समजा एखाद्या गावात पिठाच्या चार गिरण्या आहेत. गव्हाचा भाव काही का असेना, दळणाचा दर ठरलेला असतो. एका गिरणीवाल्याने दर वाढवला तर लोक दुसऱ्याकडे जातात.

आता त्यातल्या दोन गिरण्या बंद पडल्या. उरलेल्या दोन दिवसरात्र चालू आहेत, तरी दारात डब्यांची रांग आहे. गव्हाचा भाव तोच आहे, पण दळणाचा दर वाढणार. पीठ महाग होणार. यात शेतकऱ्याला एक रुपयाही जास्त मिळालेला नसतो.

तेलाचंही असंच आहे. कच्चं तेल म्हणजे गहू, पेट्रोल-डिझेल म्हणजे पीठ आणि रिफायनरी म्हणजे गिरणी. एक बॅरल कच्च्या तेलाची किंमत आणि त्यातून निघणाऱ्या पेट्रोल-डिझेलची किंमत यातला फरक म्हणजे रिफायनरीचं मार्जिन. बाजारात त्याला 'क्रॅक स्प्रेड' म्हणतात. तापवून, मोठे रेणू तोडून पेट्रोल काढतात, त्या तोडण्याच्या प्रक्रियेला क्रॅकिंग म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं.

ते मोजायची सगळ्यात प्रसिद्ध पद्धत ३-२-१ अशी आहे. तीन बॅरल कच्च्या तेलातून दोन बॅरल पेट्रोल आणि एक बॅरल डिझेल निघतं असं धरायचं. एका बॅरलमध्ये ४२ गॅलन असतात.

उदाहरणापुरते आकडे घेऊ. कच्चं तेल १०० डॉलर बॅरल आहे. रिफायनरीच्या दारात पेट्रोल गॅलनला ३ डॉलर आणि डिझेल साडेतीन डॉलर आहे. म्हणजे पेट्रोलचं एक बॅरल १२६ डॉलरचं आणि डिझेलचं १४७ डॉलरचं. दोन बॅरल पेट्रोल आणि एक बॅरल डिझेल मिळून झाले ३९९ डॉलर. त्यातून कच्च्या तेलाचे ३०० डॉलर वजा केले की उरले ९९. तीनने भागलं की बॅरलमागे ३३ डॉलर. हा झाला क्रॅक स्प्रेड.

हा सगळा निव्वळ नफा नसतो. कामगारांचे पगार, वीज, गॅस, दुरुस्ती, कर्जाचं व्याज हे सगळं यातूनच जातं. पण हे खर्च महिन्या-दोन महिन्यांत दुप्पट होत नाहीत. त्यामुळे स्प्रेड अचानक वाढला, की वाढलेली बहुतेक रक्कम कंपनीच्या खिशात जाते.

जून २०२२ मध्ये अमेरिकेतला ३-२-१ क्रॅक स्प्रेड ६० डॉलरच्या आसपास जाऊन पोहोचला होता. बायडेन यांनी विचारलेले गॅलनमागचे ७५ सेंट बॅरलवर मोजले तर साडेएकतीस डॉलर होतात. त्यातला मोठा वाटा इथे सापडतो.

गिरण्या बंद कुठे पडल्या?

कंपन्यांनी ठरवून लूट केली, असं म्हणणं सोपं आहे. बायडेन यांनीही त्याच महिन्यात जाहीर भाषणात टोला मारला होता की या वर्षी एक्सॉनने देवापेक्षा जास्त पैसा कमावलाय. पण थोडं मागे गेलं की गोष्ट गुंतागुंतीची होते.

२०२० च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या सगळ्या रिफायनऱ्या मिळून दिवसाला जवळपास १.९ कोटी बॅरल तेल शुद्ध करू शकत होत्या. दोन वर्षांत ही क्षमता सुमारे १० लाख बॅरलने घटली.

त्याची सुरुवात थोडी आधीच झाली होती. जून २०१९ मध्ये फिलाडेल्फियाच्या रिफायनरीत मोठा स्फोट झाला. दिवसाला ३ लाख ३५ हजार बॅरलची ही रिफायनरी, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची सगळ्यात मोठी. ती पुन्हा सुरू झालीच नाही. जागा बांधकाम क्षेत्रातल्या कंपनीने विकत घेतली. वर्षानुवर्षं धूर आणि रसायनं सोसलेल्या शेजारच्या वस्त्यांना त्याचं दुःख झालं नाही, उलट हायसं वाटलं.

मग कोरोना आला. गाड्या घरी, विमानं जमिनीवर. एप्रिल २०२० मध्ये तर अमेरिकेतल्या कच्च्या तेलाच्या वायद्याचा भाव एक दिवस शून्याच्याही खाली, उणे ३७ डॉलरवर गेला. त्या वर्षी एक्सॉनला २२.४ अब्ज डॉलरचा तोटा झाला. लुइझियानातली शेलची कॉन्व्हेंट रिफायनरी बंद झाली. कॅलिफोर्नियातली मॅरेथॉनची मार्टिनेझ रिफायनरी बंद करून तिथे वनस्पती तेल आणि चरबीपासून डिझेल बनवायचं ठरलं. २०२१ मध्ये आयडा चक्रीवादळात फिलिप्स ६६ ची अलायन्स रिफायनरी पाण्याखाली गेली, ती दुरुस्त करण्यापेक्षा बंद केलेली परवडली.

आणि मग २०२२ मध्ये दोन गोष्टी एकदम झाल्या. कोरोना ओसरल्यावर लोक गाड्या घेऊन बाहेर पडले आणि फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केला. रशियातून कच्चं तेल येतं तसं तयार डिझेलही येतं, त्याला युरोप-अमेरिकेतले ग्राहक टाळू लागले. चीनने आपल्या इंधन निर्यातीवर आधीच लगाम घातला होता. राहिलेल्या अमेरिकी रिफायनऱ्या क्षमतेच्या ९० टक्क्यांहून जास्त चालत होत्या, म्हणजे अजून वाढवायला जागाच नव्हती.

डबे जास्त, गिरण्या कमी. दळणाचा दर वाढला.

नफा आला, मग नवी रिफायनरी का नाही उभारली?

एखाद्या धंद्यात एवढा पैसा दिसला तर नवे लोक उतरतात, माल वाढतो आणि भाव खाली येतो. हा बाजाराचा साधा नियम. रिफायनरीच्या बाबतीत तो अडकतो.

अमेरिकेत शेवटची मोठी नवी रिफायनरी सुरू झाली १९७७ साली, लुइझियानातल्या गॅरिव्हिलमध्ये. त्यानंतर जी क्षमता वाढली ती बहुतेक जुन्याच रिफायनऱ्यांना जोड देऊन. एक्सॉनने २०२३ मध्ये टेक्सासच्या ब्यूमाँट रिफायनरीत दिवसाला अडीच लाख बॅरलची भर घातली, तीही अशीच.

जून २०२२ मध्ये, भाव कळसाला असताना, शेव्हरॉनचे प्रमुख माइक वर्थ यांनी सांगून टाकलं की या देशात यापुढे नवी रिफायनरी उभी राहील असं आपल्याला वाटत नाही.

त्यांचं गणित असं. नवी रिफायनरी म्हणजे अब्जावधी डॉलर. परवाने आणि बांधकाम धरून दहा वर्षं सहज जातात. घातलेला पैसा वसूल व्हायला पुढची वीस-तीस वर्षं लागतात. म्हणजे आज निर्णय घेणाऱ्याला २०५० पर्यंत पेट्रोल विकलं जाईल याची खात्री हवी. आणि सरकारचं धोरण तर तेव्हा पेट्रोलचा वापर कमी करण्याचं होतं.

त्यामुळे कंपन्यांनी वेगळा रस्ता धरला. २०२० मध्ये १.४ अब्ज डॉलरच्या तोट्यात असलेल्या व्हलेरोने २०२२ मध्ये साडेअकरा अब्ज डॉलर नफा कमावला. एक्सॉनचा नफा ५५ अब्जांच्या पुढे गेला. शेव्हरॉनने जानेवारी २०२३ मध्ये ७५ अब्ज डॉलरचे स्वतःचेच शेअर बाजारातून परत घेण्याची योजना जाहीर केली. म्हणजे नफा नव्या कारखान्यात न जाता शेअरधारकांच्या हातात गेला.

पैसा कुठे लावायचा, याचं राजकारण

इथून गोष्ट पेट्रोल पंपावरून थेट वॉल स्ट्रीटवर जाते.

जगातली सगळ्यात मोठी गुंतवणूक कंपनी ब्लॅकरॉक. तिचे प्रमुख लॅरी फिंक यांनी जानेवारी २०२० च्या आपल्या पत्रात हवामान बदलाला गुंतवणुकीतली जोखीम म्हटलं. पर्यावरण, समाज आणि कंपनीचा कारभार बघून पैसा लावायचा, या पद्धतीला 'ईएसजी' म्हणतात. तिचा बोलबाला सुरू झाला. २०२१ मध्ये इंजिन नंबर वन नावाच्या छोट्या फंडाने, एक्सॉनचे जेमतेम ०.०२ टक्के शेअर हातात असताना, बड्या गुंतवणूकदारांची मतं मिळवून एक्सॉनच्या संचालक मंडळात आपले तीन माणसं बसवली. तेल कंपन्यांनी भविष्याचा विचार करावा, हा त्यांचा आग्रह.

त्याच वर्षी तेलावर जगणाऱ्या टेक्सासने उलटा कायदा केला. जी वित्तसंस्था ऊर्जा कंपन्यांवर बहिष्कार टाकेल, तिच्याकडे राज्याच्या फंडांचा पैसा राहणार नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये आलेल्या यादीत ब्लॅकरॉकचं नाव होतं. गंमत म्हणजे ब्लॅकरॉक तेव्हाही एक्सॉन आणि शेव्हरॉनच्या सगळ्यात मोठ्या शेअरधारकांपैकी एक होती. तरीही मार्च २०२४ मध्ये टेक्सासच्या शाळांसाठीच्या फंडाने तिच्याकडचे साडेआठ अब्ज डॉलर काढून घेतले. मेन राज्याने २०२१ मध्ये याच्या बरोबर उलट कायदा केला होता, पेन्शनचा पैसा तेल-कोळसा कंपन्यांतून बाहेर काढण्याचा.

मग ईएसजीमुळे पेट्रोल महागलं का? रिपब्लिकन नेते 'हो' म्हणतात. डेमोक्रॅट नेते कंपन्यांच्या हावेकडे बोट दाखवतात.

मार्च २०२२ मध्ये डॅलसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने तेल काढणाऱ्या कंपन्यांच्या अधिकाऱ्यांनाच विचारलं होतं की भाव एवढे असताना शेअर बाजारातल्या तेल कंपन्या उत्पादन का वाढवत नाहीत. ५९ टक्के लोकांचं उत्तर होतं, गुंतवणूकदारांचा दबाव, पैसा जपून वापरा असा. ईएसजी हे कारण सांगणारे होते ११ टक्के. हा सर्व्हे विहिरी खोदणाऱ्यांचा होता, रिफायनरीवाल्यांचा नव्हता. पण शेअरधारकांची मनःस्थिती त्यातून कळते. मागच्या दशकात तेलात दोनदा हात पोळलेले हे लोक होते. त्यांना नवा कारखाना नको होता, लाभांश हवा होता.

कॅलिफोर्नियात काय झालं?

या सगळ्या भांडणाचा खरा प्रयोग झाला कॅलिफोर्नियात. हे राज्य इंधनाच्या बाबतीत बेटासारखं आहे. मोठ्या रिफायनऱ्या असलेल्या टेक्सास-लुइझियानाकडून पेट्रोल आणणारी पाइपलाइन तिथवर येत नाही. प्रदूषण कमी व्हावं म्हणून तिथलं पेट्रोल वेगळ्या मिश्रणाचं लागतं. एखादी रिफायनरी दुरुस्तीला बंद झाली तरी भाव उसळतो. २०२२ मध्ये तिथे गॅलनला ६ डॉलरहून जास्त मोजावे लागले.

गव्हर्नर गॅविन न्यूसम यांनी रिफायनऱ्यांविरुद्ध आघाडी उघडली. मार्च २०२३ मध्ये त्यांनी सही केलेल्या कायद्याने राज्याच्या ऊर्जा आयोगाला रिफायनरीच्या मार्जिनवर कमाल मर्यादा घालण्याचा आणि ती ओलांडली तर दंड करण्याचा अधिकार दिला. १४ ऑक्टोबर २०२४ ला आणखी एका कायद्यावर सही झाली, रिफायनऱ्यांना किमान साठा ठेवायला लावण्याचा अधिकार राज्याला देणारा.

दोनच दिवसांनी फिलिप्स ६६ ने लॉस एंजेलिसची रिफायनरी २०२५ च्या अखेरीस बंद करत असल्याचं जाहीर केलं. कारण नव्या कायद्याचं नसून बाजाराचं आहे, असं कंपनीने सांगितलं. एप्रिल २०२५ मध्ये व्हलेरोने बे एरियातली बेनिशिया रिफायनरी पुढच्या एप्रिलपर्यंत बंद करण्याचा इरादा राज्याला कळवला. या दोन्ही मिळून राज्याच्या शुद्धीकरण क्षमतेचा सहाव्या हिश्श्याहून मोठा भाग होतो.

आणि ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच ऊर्जा आयोगाने मार्जिनवरची मर्यादा पाच वर्षं पुढे ढकलली. ज्या रिफायनऱ्यांना चाप लावायचा होता, त्या टिकाव्यात म्हणून सरकारला हात आखडता घ्यावा लागला.

दुसरीकडे, २०३५ नंतर नव्या पेट्रोल गाड्या विकायच्या नाहीत हे कॅलिफोर्नियाचं धोरण होतं. २०२५ च्या जूनमध्ये ट्रम्प सरकारने केंद्रातून ते रोखलं आणि राज्य कोर्टात गेलं. म्हणजे पेट्रोल अजून किती वर्षं लागणार, याचं उत्तर सरकार बदललं की बदलतं. तीस वर्षांसाठी पैसा अडकवणाऱ्याला हीच गोष्ट घाबरवते. तो नवा कारखाना बांधत नाही आणि जुना चालतोय तोवर जमेल तेवढं मार्जिन काढून घेतो.

आपल्याकडे हे मार्जिन दिसत का नाही?

भारतात हेच सगळं घडतं, फक्त ते पंपाच्या बोर्डावर दिसत नाही.

२०२२ मध्ये जगात रिफायनरीचं मार्जिन वाढल्यावर भारतातल्या निर्यातदार रिफायनऱ्यांनाही फायदा झाला. गुजरातमध्ये जामनगरला रिलायन्सचं जगातलं सगळ्यात मोठं रिफायनरी संकुल आहे. १ जुलै २०२२ ला केंद्र सरकारने पेट्रोलच्या निर्यातीवर लिटरला ६ रुपये आणि डिझेलवर १३ रुपये कर लावला. यालाच विंडफॉल टॅक्स म्हणतात, म्हणजे घबाडावरचा कर. डिसेंबर २०२४ मध्ये तो रद्द झाला. अमेरिकेत असा कर लावायची भाषा बायडेन यांनी केली होती, पण तो झाला नाही.

पंपावर मात्र उलटं चित्र होतं. इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम या सरकारी कंपन्यांनी एप्रिल २०२२ पासून रोजचा दरबदल थांबवला. कच्चं तेल भडकलेलं असताना त्यांनी तोटा सोसला. एकट्या हिंदुस्तान पेट्रोलियमला एप्रिल ते जून २०२२ या तीन महिन्यांत १० हजार कोटींहून जास्त तोटा झाला. पुढे तेल उतरलं, पण पंपावरचा भाव उतरला नाही. जुलै २०२२ मध्ये राज्य सरकारने व्हॅट कमी केल्यावर मुंबईतला दर १०६ रुपये ३१ पैसे झाला, तो मार्च २०२४ पर्यंत तसाच राहिला. २०२३-२४ या वर्षात तिन्ही कंपन्यांचा मिळून नफा सुमारे ८१ हजार कोटी रुपये झाला. आणि लोकसभा निवडणूक जाहीर होण्याच्या तोंडावर लिटरमागे २ रुपये कमी झाले.

अमेरिकेत गाडीवाल्याने भाववाढ एकदम भोगली आणि डिसेंबर २०२२ पर्यंत भाव सव्वातीन डॉलरच्या खाली आलेला बघितला. इथल्या गाडीवाल्याला झळ उशिरा बसली, पण ती जास्त दिवस राहिली.

आणि नवी रिफायनरी नको म्हणणारे लोकही फक्त कॅलिफोर्नियातच नाहीत. रत्नागिरी जिल्ह्यात नाणारला वर्षाला ६ कोटी टनांची प्रचंड रिफायनरी होणार होती, सौदी अरामकोसारखी कंपनी भागीदार म्हणून येणार होती. आंबा, काजू, मासेमारी जाईल म्हणून लोक रस्त्यावर उतरले. मार्च २०१९ मध्ये जमिनीची अधिसूचना रद्द झाली. नंतर बारसूचं नाव पुढे आलं, एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणाच्या वेळी तिथेही आंदोलन पेटलं. फिलाडेल्फियाच्या शेजाऱ्यांना जी भीती होती, तीच इथेही होती आणि ती खोटी म्हणता येत नाही.

थोडक्यात काय तर...

पेट्रोलच्या भावात कच्चं तेल आणि कर असतात, तशीच रिफायनरीची मजुरीही असते. रिफायनऱ्या पुरेशा असतील तर ती मजुरी कुणाच्या लक्षातही येत नाही. त्या कमी पडल्या, की तीच मजुरी डोईजड होते.

रिफायनरी शेजारी नको, तिच्यात पैसाही लावायला नको, पण पेट्रोल मात्र स्वस्त हवं, असं आज जवळपास प्रत्येक समाजाचं म्हणणं आहे. इलेक्ट्रिक गाड्या पुरेशा वाढल्या तर हा पेच आपोआप सुटेल, गिरणीवर डबेच कमी येतील. तोवर मधली काही वर्षं अशी असणार, की जुन्या गिरण्या एकेक करून बंद होतायत आणि डबे अजून तेवढेच आहेत.

पुढच्या वेळी कच्चं तेल उतरल्याची बातमी वाचून पंपावर जाल आणि बोर्ड हललेला दिसणार नाही, तेव्हा विचारायचा प्रश्न हाच. गव्हाचा भाव उतरला ते ठीक, पण गिरण्या किती चालू आहेत?